कोकणातील ऋतुमान आणि कीटकसंख्येतील चढउतार

प्रस्तावना :
समशीतोष्ण प्रदेशात हिवाळ्यातील थंडी कीटकांच्या वाढीस मर्यादा घालते. उष्ण कटिबंधात तशी थंडी नसल्याने तेथे कीटकांची संख्या वर्षभर स्थिर राहत असावी, असा समज होता. हेंक वोल्डा यांनी पनामातील बारो कोलोरॅडो बेटावर प्रकाश-सापळ्यांच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासातून (१९७८) पाऊस, अन्न व कीटकसंख्या यांचा ऋतुनिहाय संबंध पुढे आला. रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात या संबंधाचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पाऊस आणि पालवी :
रत्नागिरीत बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. पहिल्या सरींनंतर वाळवीचे पंखधारी कीटक बाहेर पडतात; तेथे पावसाचा परिणाम प्रत्यक्ष दिसतो. पाने खाणाऱ्या कीटकांवर मात्र तो वनस्पतींमार्फत होतो. कोवळ्या पालवीत नत्र व पाणी अधिक आणि तंतू कमी असल्याने अळ्यांची वाढ जलद होते. मुरली आणि सुकुमार यांना मुदुमलई (तामिळनाडू) येथील पानझडी वनात, पावसापूर्वीच पालवलेल्या झाडांची कीटकांकडून होणारी हानी पावसाळ्यात पालवलेल्या झाडांपेक्षा कमी आढळली (१९९३). भर उन्हाळ्यात येणारी पालवी हा झाडाच्या स्वसंरक्षणाचाही भाग ठरतो.

हापूसच्या बागेतील उदाहरण :
वनातील हेच तत्त्व बागेतही लागू पडते. तुडतुडे एरवी आंब्याच्या खोडावरील सालीच्या भेगांत राहतात आणि पावसाळ्यानंतरची पालवी व मोहोर येताच झपाट्याने वाढतात. त्यांचा बहर त्यामुळे कोरड्या, थंड महिन्यांत येतो. फळमाशीची संख्या मात्र फळ पक्व होण्याच्या काळात वाढते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक सापळा’ तिच्यासाठीच आहे. झाड एकच, परंतु दोन्ही कीटकांचे हंगाम भिन्न; कारण त्यांचे अन्न भिन्न.

निष्कर्ष :
कीटकांचा हंगाम केवळ तापमानावरून किंवा पर्जन्यमानावरून ठरत नाही. अन्नाची उपलब्धता हा त्यातील निर्णायक दुवा होय. पाऊस लांबल्यास आंब्याला पुन्हा पालवी फुटते, मोहोर पुढे जातो आणि तुडतुड्यांचा काळही बदलतो. अशा वर्षी ठरावीक तारखांनुसार केलेली फवारणी अवेळी होऊन खर्च वाया जातो व परागीभवन करणाऱ्या माश्यांची हानी होते. म्हणून महाविद्यालयीन क्षेत्र-अभ्यासात कीटकांच्या साप्ताहिक गणनेबरोबरच पालवी, मोहोर व फळधारणा यांचीही वर्षभर नोंद होणे आवश्यक आहे.