विश्लेषण : सरकारी घरांचे नूतनीकरण – स्वस्त निविदा की रहिवाशांचे हित?

सार्वजनिक मालकीच्या जुन्या इमारतींचे नूतनीकरण म्हणजे केवळ रंगरंगोटी आणि गळती थांबवणे नव्हे. रहिवाशांची सुरक्षितता, परवडणारे भाडे, जुना शेजार टिकणे आणि निर्णयांतील त्यांचा सहभाग यांना एकत्रितपणे ‘सामाजिक शाश्वतता’ म्हटले जाते. या बाबींचे भवितव्य बहुधा निविदेच्या टप्प्यावरच ठरते.

ग्रेनफेलमध्ये काय घडले?

लंडनमधील केन्सिंग्टन-चेल्सी परिषदेच्या मालकीच्या ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीचे नूतनीकरण २०१६ मध्ये पूर्ण झाले. खर्च कमी करण्यासाठी बाह्य आवरणात जस्ताऐवजी पॉलिथिलीनचा गाभा असलेले ॲल्युमिनियमचे पत्रे वापरले गेले. त्यातून सुमारे ३ लाख पौंड वाचणार होते. १४ जून २०१७ रोजी एका सदनिकेतील फ्रिजमधून लागलेली आग याच आवरणामुळे इमारतभर पसरली. ७२ जणांचा मृत्यू झाला. इमारतीच्या सुरक्षिततेबाबत रहिवाशांनी त्यापूर्वी वारंवार इशारे दिले होते.

कायदा नव्हता का?

ब्रिटनमध्ये २०१२ चा सामाजिक मूल्य कायदा होता. मात्र तो सेवांच्या कंत्राटांपुरता होता. निव्वळ बांधकामाची कंत्राटे त्याच्या कक्षेबाहेर राहिली. दुर्घटनेनंतर २०२२ मध्ये इमारत सुरक्षा कायदा आणि २०२३ मध्ये सामाजिक गृहनिर्माण नियमन कायदा झाला. फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या सार्वजनिक खरेदी कायद्याने ‘आर्थिकदृष्ट्या सर्वाधिक लाभदायक निविदा’ या निकषातील ‘आर्थिकदृष्ट्या’ हा शब्दच वगळला.

दुसरा मार्ग कोणता?

फ्रान्समधील बोर्दो शहरातील ग्रां पार्क वसाहतीत ३ इमारतींतील ५३० सरकारी सदनिकांना बाहेरच्या बाजूने काचबंद सज्जे जोडण्यात आले. काम सुरू असताना रहिवासी तेथेच राहिले आणि भाडेही स्थिर राहिले. या प्रकल्पाला २०१९ चा मीस व्हान डर रोहे पुरस्कार लाभला.

निविदेत काय हवे?

कामाच्या काळात रहिवासी कोठे राहतील, नंतर भाडे किती असेल आणि साहित्यात बदल करण्यापूर्वी कोणाची संमती लागेल, हे कंत्राटातच नमूद असावे लागते. तसे नसेल तर खर्चकपातीच्या वेळी रहिवाशांचे हित सर्वप्रथम वगळले जाते.