पंधरा दिवसांत रहिवासी

रमजानमध्ये प्रवासात असलेल्या माणसाला रोजा न ठेवण्याची सवलत आहे. सुटलेले रोजे नंतर पूर्ण करायचे. मग प्रश्न येतो, की प्रवासी हा कुठवर प्रवासी? धर्मशास्त्रींनी याचा बारकाईने विचार केला आहे. हनफी पंथाच्या हिशेबाने सुमारे 48 मैल, म्हणजे 77 किलोमीटरच्या पुढे जायला निघालेला माणूस मुसाफिर. आणि जिथे पोहोचला तिथे 15 दिवस किंवा त्याहून जास्त राहण्याचा त्याचा इरादा झाला, की तो मुकीम, म्हणजे तिथला रहिवासी. विदर्भातले बहुतेक मुसलमान हनफी आहेत. कोकणातले शाफई, त्यांच्यात तर चार दिवसांच्या मुक्कामाचा इरादा पुरतो. (गडचिरोलीहून चंद्रपूर साधारण 80 किलोमीटर. त्यामुळे गडचिरोलीकर चंद्रपूरला जाऊन मुसाफिर होतो की नाही, यावर चहाच्या टपरीवर चांगला वाद रंगू शकतो.)

यात दाखला नाही, शिक्का नाही. मनातला इरादा हाच पुरावा. दुनियेची कचेरी मात्र अशी चालत नाही. परक्या मुलखात घर करायला किती वर्षे लागतात, हे पाहायला गडचिरोलीकरांना दूर जायला नको. मुलचेरा तालुक्यात गेले तरी पुरे.

मुलचेऱ्याकडच्या गावांची नावे वाचली की नकाशा हलल्यासारखा वाटतो. सुंदरनगर, विवेकानंदपूर, शांतिग्राम, देशबंधुग्राम, खुदीरामपल्ली. गोंडी-माडिया मुलखातल्या सागवानाच्या जंगलात खुदीराम बोस आणि देशबंधू दास आले कुठून? ते आले पूर्व पाकिस्तानातून, निर्वासितांच्या गाठोड्यात बांधून. घरदार, नदी, नारळी-सुपारीच्या बागा मागे राहिल्या होत्या. नावे तेवढी सोबत आणता आली.

फाळणी 1947 ची, पण बंगालकडचा लोंढा एका वर्षात आटोपला नाही. तो पुढे वर्षानुवर्षे येत राहिला. मोठी लाट आली 1964 मध्ये. श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातला पवित्र अवशेष डिसेंबर 1963 मध्ये नाहीसा झाला. काही दिवसांतच तो सापडलाही. पण तेवढ्यात दूरवरच्या खुलना भागात हिंदूंवर हल्ले सुरू झाले, त्याचे पडसाद कोलकात्यात मुसलमानांवर उमटले आणि मग ढाका-नारायणगंज पेटले. ज्यांचा काश्मीरशी काडीचा संबंध नव्हता, त्यांची घरे गेली. दर्ग्याच्या नावाने शेजाऱ्याचे घर जाळणाऱ्यांनी दर्ग्याची कोणती सेवा केली, हे रमजानच्या पानावरही स्पष्ट विचारले पाहिजे.

पश्चिम बंगालमध्ये जागा उरली नव्हती. केंद्र सरकारने 1958 मध्येच दंडकारण्य प्रकल्प उभा केला होता. कोरापूट, मलकानगिरी आणि बस्तरच्या जंगलात वस्त्या बसवल्या जात होत्या. रायपूरजवळच्या माना येथे मोठी छावणी होती. तिथून कुटुंबे पुढे पाठवली जात. आपला चांदा जिल्हा त्या प्रकल्पाच्या हद्दीबाहेर होता, तरी पुनर्वसन इथेही झाले. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. तो 26 ऑगस्ट 1982 रोजी झाला. चामोर्शी आणि मुलचेऱ्याच्या बाजूला जंगल तोडून शेते पाडली गेली. कुटुंबाला काही एकर जमीन, घरापुरती जागा, बैलांसाठी आणि अवजारांसाठी कर्ज, अशी साधारण सरकारी पद्धत. आलेल्यांत मोठा भाग नमशूद्रांचा. पाण्यात वाढलेली, नावेतून बाजाराला जाणारी माणसे इथल्या मुरमाड जमिनीवर, हिवतापाच्या मुलखात उतरवली गेली.

कुणी नवीन गावात आला की त्याला पहिले काय लागते? छप्पर म्हणावे, तर ते झाडाखालीही भागते. यजमान लागतो. इस्लामी कालगणनाच मुळी एका स्थलांतरापासून सुरू होते. इ.स. 622 मध्ये हजरत मुहम्मद पैगंबर (स.) मक्का सोडून मदिनेला गेले, ही हिजरत. घरदार सोडून आलेले ते मुहाजिर आणि त्यांना हात देणारे मदिनेचे लोक ते अन्सार. पैगंबर उतरले हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरी. भेटायला येणाऱ्यांना सोपे जावे म्हणून ते तळमजल्यावर राहिले आणि यजमान पती-पत्नी वरच्या मजल्यावर. एका रात्री वर पाण्याचा घडा फुटला. खाली थेंबही गळू नये म्हणून दोघांनी आपले एकुलते एक पांघरूण पाण्यावर टाकून ते टिपले आणि रात्र तशीच काढली.

या कथेतला घर-खरेदीचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. मशिदीसाठी आणि राहण्यासाठी जी जागा ठरली, ती सहल आणि सुहैल नावाच्या दोन अनाथ मुलांची होती. मुले जागा फुकट द्यायला तयार होती. पैगंबरांनी ती फुकट घेतली नाही. किंमत ठरवली, ती चुकती केली, मग बांधकाम. तीच गोष्ट हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांची. त्यांचे अन्सारी बंधू साद बिन रबी यांनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी दुआ दिली आणि विचारले, ‘बाजार कुठे आहे ते दाखवा.’ लोणी-पनीरच्या व्यापारातून ते उभे राहिले.

मुलचेऱ्याच्या निर्वासितांनाही बाजार सापडला. जिथे पाणी अडले तिथे त्यांनी मासे पाळले, भाजीपाला पिकवला, भातशेतीत खपले. आज चामोर्शी-मुलचेऱ्याच्या आठवडी बाजारात मराठी, गोंडी, तेलुगू आणि बंगाली एकाच तराजूवर चालतात. दुर्गापूजेच्या मांडवात मराठी, तेलुगू, गोंड सगळे असतात. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची मुले मराठी शाळेत शिकली. आजीशी बंगालीत आणि मास्तरांशी मराठीत बोलणारी ही मुले. शाळेत बंगालीही शिकवा, ही त्यांची जुनी मागणी.

पण यजमानाचे काय? इथे मदिनेची उपमा थोडी अडखळते, आणि अडखळायलाच हवी. अन्सारांनी स्वतःच्या राजीखुशीने दिले होते. गडचिरोलीत दिले ते सरकारने, आणि दिले ते जंगल. त्या जंगलात गोंड आणि माडिया पिढ्यान्पिढ्या मोह वेचत होते, तेंदू तोडत होते, गुरे चारत होते. त्यांना कुणी विचारले नाही, कारण कागदावर ते मालक नव्हतेच. त्यांच्या हक्काला कायद्याने मान्यता मिळाली ती 2006 च्या वनहक्क कायद्याने. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला 2009 मध्ये. म्हणजे ज्यांच्या अंगणात पाहुणे बसवले, त्यांना स्वतःच्या अंगणाचा कागद पाहुण्यांनंतर चार दशकांनी मिळाला. पाहुण्यांचा यात दोष नाही. पण उपकार कुणाचा घेतला, हे दोघांनीही विसरू नये.

आणि पाहुण्यांचा कागद? तोही पूर्ण नव्हता. पुनर्वसनाच्या जमिनी सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-2 अशा नोंदल्या गेल्या. वर्ग-2 म्हणजे कसा, पिकवा, मुलाबाळांना ठेवा. पण विकायची किंवा दुसऱ्याच्या नावे करायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणा. सरकारी वाटपाची जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये, हा त्यामागचा हेतू वाईट नव्हता. पण लग्नाच्या, दवाखान्याच्या वेळी अडलेल्या माणसाला हेतू समजावून उपयोग नसतो. त्यामुळे वर्ग-1 करून द्या, ही मागणी एका पिढीने दुसरीच्या हाती दिली.

कुटुंब वाढले तसे काहींनी शेजारचे जंगलही कसायला घेतले. तिथे वनहक्क कायदाच आडवा येतो. आदिवासी नसलेल्याला त्या कायद्याने हक्क मागायचा, तर 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा वनवास सिद्ध करावा लागतो. म्हणजे 1930 पासूनचा! ज्यांना सरकारनेच 1964 नंतर इथे आणून बसवले, त्यांनी 1930 चा पुरावा कुठून आणायचा? जातीच्या दाखल्याचीही तीच गत. नमशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जात, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत.

परतीचा रस्ताही काहींनी चाचपून पाहिला. दंडकारण्यातल्या छावण्यांमधून 1978 मध्ये हजारो कुटुंबे सुंदरबनच्या मरिचझापी बेटावर गेली. आपले पाणी, आपली भाषा. पुढच्याच वर्षी, 1979 मध्ये, पश्चिम बंगालच्या सरकारने नाकेबंदी करून त्यांना तिथून उठवले. माणसे मेली, उरलेली पुष्कळशी परत छावण्यांकडे धाडली गेली. आपल्या भाषेच्या मुलखानेच असे लावून दिल्यावर पुन्हा इकडेच यायचे होते.

हौसेने परदेशी गेलेल्यांचीही गत काही अंशी अशीच असते. दुबईने 2002 पासून ठरावीक भागांत परक्यांना घरे विकत घ्यायला मुभा दिली. तोवर विदर्भ-कोकणातून आखातात गेलेला माणूस तीस वर्षे भाड्याच्या खोलीत राहून गावाकडे माडी बांधायचा आणि म्हातारपणी तिला कुलूप काढायला यायचा. आजही तिथे घराची मालकी हा एक कागद आणि राहण्याचा परवाना हा दुसरा. 20 लाख दिरहमची मालमत्ता असेल तर दीर्घ मुदतीचा परवाना मिळू शकतो. नोकरी गेलेल्या मजुराला हे ऐकून काय वाटत असेल, ते सांगायला नको.

मक्का सोडून आलेल्यांनाही मदिना लगेच गोड लागली नव्हती. मुहाजिर तापाने फणफणले. हजरत बिलाल (रजि.) तापात मक्केच्या परिसरातले गवत आठवून व्याकूळ होत. विशेष म्हणजे, त्याच मक्केत त्यांना तापल्या वाळूवर झोपवून छातीवर दगड ठेवले होते. तरी आठवण गवताची. खुलन्याच्या बाजूची एखादी वृद्धा मुलचेऱ्याच्या अंगणात बसून गावची नदी सांगू लागली, की हे लगेच समजते.

चंद्रपूर शहरात मूल रस्त्यावर बंगाली कॅम्प आहे. निर्वासितांचा कॅम्प उठून जमाना झाला. तिथे आता पक्की घरे आहेत, दुकाने आहेत. मूलकडून येणाऱ्या गाडीत कुणी ‘बंगाली कॅम्पला उतरायचंय’ म्हणाला, तर तो बंगाली असेल असेही नाही. नाव मात्र अजून कॅम्पच आहे.