अँटीव्हायरसने घरचा कॉम्प्युटर स्लो होतो का?

लालबागमध्ये घरून मसाल्याच्या ऑर्डर घेणारे असोत की गिरगावातून टिफिन चालवणाऱ्या ताई, प्रश्न तोच: "सर, नवीन अँटीव्हायरस टाकला आणि पीसी रांगायला लागला. काढून टाकू?"

थांबा. आधी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. स्कॅन चालू असताना डिस्कचा आकडा 100 टक्क्यांना चिकटलाय? मग दोष बहुतेक वेळा जुन्या हार्ड डिस्कचा. फुल स्कॅन म्हणजे एकेक फाइल वाचून काढणं. फिरत्या तबकडीला ते झेपत नाही, एसएसडीला फारसं जाणवत नाही. माझं मत विचाराल तर महागड्या पॅकेजआधी एसएसडी घ्या.

दुसरं, दोन अँटीव्हायरस एकत्र नकोत. दोघंही तीच फाइल तपासत बसतात. विंडोज 10 आणि 11 मध्ये डिफेंडर फुकट येतोच. बाहेरचा टाकला की तो सहसा आपोआप बाजूला होतो.

जाता जाता, पुण्याच्या क्विक हीलचा धंदा अशाच तक्रारींतून उभा राहिला. कैलाश काटकर कॅल्क्युलेटर, मग कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. व्हायरसवाली मशीन्स येत राहिली, तेव्हा भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला. 2016 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. गिऱ्हाईक कटकट करतं तेव्हा कान उघडे ठेवा!

आणि हो, काढून टाकू नका. त्याच पीसीवर तुमची जीएसटीची बिलं आणि नेट बँकिंग आहे. स्कॅनची वेळ दुपारी जेवणाच्या सुट्टीत लावा, पीसी मात्र चालू ठेवा.