सार्वजनिक ठिकाणची भ्रमणध्वनी-संभाषणे

रेल्वे, बस, रुग्णालय, बँक, वाचनालय, नाट्यगृह अशा सामायिक जागी इतरांच्या उपस्थितीची दखल न घेता भ्रमणध्वनीवर (मोबाईलवर) बोलणे हा आधुनिक नागरी जीवनातील एक सामाजिक प्रश्न मानला जातो. या प्रश्नाला दोन बाजू आहेत. मोठ्या आवाजामुळे आसपासच्या लोकांना उपद्रव होतो, ही पहिली. आणि खासगी माहिती परक्यांच्या कानी पडते, ही दुसरी. पहिल्या बाजूविषयी तक्रारी वारंवार होतात. दुसरीविषयी त्या मानाने कमी होतात, कारण जिचे नुकसान होते ती व्यक्ती अनेकदा त्या ठिकाणी हजरच नसते.

== संकल्पना ==

संस्कृत नाट्यशास्त्रात 'जनान्तिक' नावाचा एक संकेत आहे. रंगमंचावर इतर पात्रे उपस्थित असताना एक पात्र हाताची 'त्रिपताक' मुद्रा आड धरून दुसऱ्या एखाद्याच पात्राशी बोलते. प्रेक्षकांना ते बोलणे ऐकू येते. मंचावरील इतर पात्रांना मात्र ते ऐकू गेले नाही, असे सर्वांनी मानायचे असते. सार्वजनिक ठिकाणी भ्रमणध्वनीवर बोलणारी व्यक्ती नकळत असाच संकेत गृहीत धरते. फरक इतकाच, की सभोवतालच्या लोकांनी तो संकेत मान्य केलेला नसतो.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 'बिहेविअर इन पब्लिक प्लेसेस' (१९६३) या ग्रंथात सार्वजनिक जागी परक्यांनी एकमेकांशी वागण्याच्या रीतीचे विवेचन केले आहे. समोरच्याची ओझरती दखल घ्यावी आणि मग नजर वळवून त्याला त्याचा एकांत द्यावा, अशी ही रीत असून तिला 'सभ्य दुर्लक्ष' म्हणता येईल. मोठ्या आवाजातील संभाषण हे दुर्लक्ष अशक्य करते. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत.

मराठीत विश्वासाने हळूच सांगितलेल्या गोष्टीला 'कानगोष्ट' म्हणतात आणि खासगी बाब उघड झाली की ती 'चव्हाट्यावर आली' असे म्हणतात. चव्हाटा म्हणजे चार वाटा एकत्र येतात ती जागा. कानगोष्ट चव्हाट्यावर बसून करणे, असे या प्रश्नाचे थोडक्यात वर्णन करता येईल.

== पार्श्वभूमी ==

हातात धरता येणाऱ्या भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कमधील रस्त्यावरून केले. भारतात ही सेवा ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली. त्या दिवशी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी संवाद साधला.

त्याआधीच्या काळात दूरध्वनी एका जागी बांधलेला असे. घरी यंत्र नसलेले लोक एसटीडी-पीसीओच्या बूथवर जात. अनेक बूथमध्ये काचेची छोटी खोली आणि दार असे. दार लावले की बोलणे आतच राही. भ्रमणध्वनीने यंत्र माणसाच्या हाती दिले, परंतु ते दार मागे राहिले.

आरंभी भ्रमणध्वनीवरील बोलणे महाग होते आणि येणाऱ्या कॉललाही पैसे मोजावे लागत. त्यामुळे संभाषणे आटोपशीर असत. २००३ मध्ये येणारे कॉल निःशुल्क झाले आणि पुढे दर झपाट्याने उतरले. संभाषणाच्या लांबीवरील आर्थिक बंधन त्यामुळे जवळजवळ नाहीसे झाले.

== मोठ्याने बोलण्याची कारणे ==

प्रत्येक वेळी उद्धटपणा हेच कारण असते असे नाही. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो. फ्रेंच कान-नाक-घसातज्ज्ञ एत्येन लोंबार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रवृत्तीचे वर्णन केले. तिला 'लोंबार परिणाम' म्हणतात. धडधडत्या लोकलमध्ये बोलणाऱ्याभोवती गोंगाट असतो. पलीकडची व्यक्ती शांत घरात बसलेली असली, तरी बोलणारा स्वतःभोवतीच्या गोंगाटाच्या मापाने बोलतो. गाडी स्थानकात थांबून शांतता झाली, की तोच चढलेला आवाज डबाभर ऐकू जातो.

दूरध्वनी यंत्रांत बोलणाऱ्याचा स्वतःचा आवाज थोड्या प्रमाणात त्याच्याच कानात परत ऐकू येण्याची योजना असते. त्यावरून आपण किती मोठ्याने बोलत आहोत याचा अंदाज येतो. दोन्ही कान बंद करणाऱ्या श्रवणयंत्रांत (इयरफोन) हा अंदाज चुकू शकतो. पलीकडच्या व्यक्तीला कमी ऐकू येणे, ध्वनिजोडणी क्षीण असणे, हीदेखील कारणे आढळतात.

== ऐकणाऱ्यांवरील परिणाम ==

शेजारी बसलेल्या दोघांच्या गप्पांपेक्षा भ्रमणध्वनीवरील एकाचे बोलणे अधिक का खटकते, याचा अभ्यास झाला आहे. ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाच्या अँड्र्यू मंक व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आवाजाची पातळी सारखी ठेवूनही भ्रमणध्वनीवरील संभाषण श्रोत्यांना अधिक त्रासदायक वाटल्याचे आढळले. म्हणजे त्रासाचे मूळ केवळ मोठ्या आवाजात नाही.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात लॉरेन एम्बरसन व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकाग्रतेचे काम करणाऱ्या व्यक्तींना वेगवेगळ्या प्रकारची संभाषणे ऐकवण्यात आली. संवादाच्या दोन्ही बाजू किंवा अखंड एकपात्री भाषण ऐकताना कामावर फारसा परिणाम झाला नाही. संवादाची एकच बाजू ऐकताना मात्र चुका वाढल्या. अर्धवट वाक्यांमधील रिकाम्या जागा मेंदू भरू पाहतो आणि पुढचा शब्द केव्हा येईल याचा अंदाज त्याला बांधता येत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात वा रात्रीच्या प्रवासात इच्छा नसतानाही परक्याच्या गोष्टीत मन गुंतते, ते यामुळेच.

== गोपनीयतेचा भंग ==

स्वतःचे गुपित स्वतः उघड करणे हा ज्याचा त्याचा प्रश्न म्हणता येईल. परंतु भ्रमणध्वनीवरील बोलण्यात अनेकदा तिसऱ्याच व्यक्तीची माहिती असते: नातेवाइकाचा आजार, मुलीच्या लग्नाची मोडलेली बोलणी, सहकाऱ्याची नोकरी, शेजाऱ्याचे कर्ज. त्या व्यक्तीची संमती घेतलेली नसते आणि आपले नाव भरल्या डब्यात उच्चारले गेले, हे तिला कळतही नाही. लहान गावी वा नेहमीच्या गाडीत ऐकणाऱ्यांपैकी कोणी तिला ओळखणारा असण्याचा संभव बराच असतो. 'भिंतीलाही कान असतात' ही म्हण बंद खोलीसाठी आहे. येथे तर भिंतीही नसतात.

ध्वनिक्षेपक (स्पीकर) चालू करून बोलल्यास पलीकडच्या व्यक्तीचाही विश्वासभंग होतो. आपण एकाशीच बोलत आहोत, अशा समजुतीने ती बोलत असते.

ज्यांचा व्यवसायच विश्वासावर चालतो त्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन डॉक्टरांवर आणि अशिलाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन वकिलांवर असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे (एनएसए) माजी प्रमुख मायकेल हेडन ऑक्टोबर २०१३ मध्ये रेल्वेप्रवासात पत्रकारांशी आपले नाव उघड न करण्याच्या अटीवर भ्रमणध्वनीवर बोलत होते. त्याच डब्यातील एका सहप्रवाशाने ते ऐकून ट्विटरवर तत्काळ प्रसृत केले. गुप्त माहिती मिळवणाऱ्या संस्थेचा माजी प्रमुखच सहप्रवाशाकडून ऐकला गेला, यामुळे या घटनेची जगभर चर्चा झाली.

आर्थिक धोकाही असतो. बँकेच्या कार्डाचा क्रमांक, त्यामागील तीन अंकी सांकेतिक क्रमांक, ओटीपी, आधार क्रमांक, प्रवासामुळे बंद असलेल्या घराचा पत्ता अशी माहिती मोठ्याने उच्चारल्यास ती टिपून घेऊन फसवणूक वा चोरी करणे शक्य होते.

== नियम व संकेत ==

जपानमध्ये रेल्वेगाडीत भ्रमणध्वनीवर न बोलण्याचा संकेत रूढ आहे. यंत्र निःशब्द स्थितीत ठेवण्याची विनंती उद्घोषणांद्वारे केली जाते. ब्रिटन व अमेरिकेतील काही गाड्यांत 'शांत डबे' राखून ठेवलेले असतात.

भारतीय रेल्वेने जानेवारी २०२२ मध्ये रात्री १० नंतर भ्रमणध्वनीवर मोठ्याने बोलण्यास व मोठ्याने गाणी ऐकण्यास प्रतिबंध करणाऱ्या सूचना दिल्या. मुंबईतील बेस्ट उपक्रमानेही एप्रिल २०२३ मध्ये बसप्रवासात श्रवणयंत्राविना ध्वनी-चित्रफिती ऐकण्यास आणि मोठ्याने बोलण्यास मनाई केली. मराठी नाट्यगृहांत प्रयोगापूर्वी भ्रमणध्वनी बंद ठेवण्याची विनंती केली जाते. तरीही प्रयोगात व्यत्यय येत राहिल्याने अभिनेते सुबोध भावे यांनी २०१९ मध्ये जाहीर नाराजी व्यक्त करून, असेच चालणार असेल तर नाटकात काम न करण्याचा विचार बोलून दाखवला होता.

== दुसरी बाजू ==

या प्रश्नाचा विचार करताना घरांची स्थितीही लक्षात घ्यावी लागते. एका-दोन खोल्यांत पाच-सहा माणसे राहत असतील, तर मनातले बोलण्यासाठी घरापेक्षा रस्ता वा बसथांबाच अधिक एकांताचा ठरतो. सासरचे जाच माहेरी सांगू पाहणारी स्त्री घराबाहेर येऊनच बोलू शकते. रात्री एकटीने प्रवास करताना सुरक्षिततेसाठी फोन चालू ठेवणे हीदेखील अनेकींची गरज असते. अपघात, आजारपण अशा निकडीच्या प्रसंगी बोलणे टाळता येत नाही. त्यामुळे सरसकट बंदीपेक्षा तारतम्य अधिक उपयुक्त मानले जाते.

== शिष्टाचार ==

सर्वसाधारणपणे पुढील संकेत पाळण्याजोगे समजले जातात:

* संभाषण थोडक्यात आटोपावे. लांबणार असल्यास "नंतर फोन करतो" असे सांगावे.
* शक्य असल्यास बाजूला जाऊन बोलावे.
* ध्वनिक्षेपक लावू नये. लावणे अपरिहार्य असल्यास पलीकडच्या व्यक्तीला तसे आधी सांगावे.
* क्रमांक, पत्ते व सांकेतिक शब्द बोलून न सांगता लिहून पाठवावेत.
* अनुपस्थित व्यक्तीचे नाव, आजार, पैसा व घरगुती बाबी यांचा उल्लेख टाळावा.
* मोठ्याने बोलणाऱ्यास सौम्य शब्दांत जाणीव करून द्यावी. आपला आवाज चढला आहे हे त्याला ठाऊक नसण्याचा संभव असतो.
* कानावर पडलेली परक्याची गोष्ट ऐकणाऱ्याने पुढे सांगू नये. बोलणाऱ्याचा संयम सुटला, तरी ऐकणाऱ्याने तो राखल्यास अनुपस्थित व्यक्तीची अब्रू सुरक्षित राहते.