माग नाही, सुई नाही

वस्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर माग उभा राहतो. उभे धागे ताणून बसवावयाचे, धोट्याने आडवा धागा त्यांतून न्यावयाचा, फणीने तो ठोकावयाचा. तेव्हा कोठे हातभर कापड तयार होते. पुढे शिंपी ते बेततो, कापतो, शिवतो आणि मग त्याची टोपी किंवा सदरा होतो. परंतु जगात एक वस्त्र असे आहे, की ज्यास चरखा लागत नाही, माग लागत नाही आणि त्याची टोपी करावयाची झाली तरी सुईदोराही लागत नाही. लोकर, ऊन पाणी, साबण आणि दोन हात एवढ्या साहित्यावर ते सिद्ध होते. या वस्त्रास नमदा म्हणतात.

लोकरीचा स्वेटर चुकून कढत पाण्यात पडला आणि कोणी तो साबण लावून खसखसून चोळला, तर काय होते हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. स्वेटर आटतो, जाड होतो आणि मोठ्या भावाचा असलेला तो धाकट्या बहिणीलाही होईनासा होतो. घरच्या दृष्टीने हे नुकसानच. पण हीच गोष्ट जाणूनबुजून, मापाने आणि धीराने केली, की तिची कला होते.

सुती कापड कितीही चोळले तरी असे जमून येत नाही. मग लोकरीतच हा गुण कोठून आला? लोकरीचा तंतू सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिला, तर त्यावर माशाच्या अंगावर असतात तसे बारीक खवले दिसतात. त्या सर्व खवल्यांची तोंडे तंतूच्या टोकाकडे वळलेली असतात. म्हणून तंतू मुळाच्या दिशेने सहज सरकतो, टोकाच्या दिशेने मात्र अडतो. रानातून चालताना गवताचे कुसळ कपड्यात शिरले, की ते पुढे पुढेच जाते, मागे येत नाही; तसेच हे आहे. आपल्या केसांवरही असेच खवले असतात. गळलेला एक केस अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये उभा धरून बोटे वरखाली चोळा. बोटे दोन्ही दिशांना फिरतात, पण केस मात्र एकाच दिशेने सरकत जातो. ती दिशा त्याच्या मुळाची होय.

आता असे हजारो तंतू एकमेकांवर आडवेतिडवे पसरले आहेत अशी कल्पना करा. ऊन पाण्याने ते मऊ होतात, साबणाने निसरडे होतात आणि त्यांचे खवले किंचित उचलले जातात. वरून हाताचा दाब बसू लागला, की प्रत्येक तंतू आपापल्या वाटेने पुढे सरकतो. वाटेत दुसऱ्या तंतूला वेढा घालतो, तिसऱ्यात अडकतो आणि पुन्हा मागे येऊ शकत नाही. अशा लाखो गाठी हळूहळू आवळल्या गेल्या, की मोकळ्या लोकरीचे घट्ट वस्त्र बनते.

ही युक्ती फार जुनी आहे. सायबेरियाच्या दक्षिणेस अल्ताई पर्वतात पाझिरिक नावाच्या ठिकाणी प्राचीन भटक्या लोकांची थडगी आहेत. त्यांत शिरलेले पाणी गोठून राहिल्यामुळे आतल्या वस्तू कुजल्या नाहीत. सर्गेई रुदेन्को या रशियन संशोधकाने 1947 ते 1949 या काळात तेथे उत्खनन केले. तेव्हा नमद्याचे केलेले हंस सापडले. सुमारे 30 सेंटिमीटर उंचीचे हे हंस आत केस भरून फुगीर केलेले आहेत, आणि सुमारे 2,300 वर्षांनंतरही त्यांची मान डौलदार आहे. आज ते सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटेज संग्रहालयात पाहावयास मिळतात.

ज्या देशांत थंडी कडक आणि मेंढ्या पुष्कळ, तेथे नमदा हा जीवनाचा आधार झाला. मध्य आशियातील भटक्या लोकांचे गोल तंबू नमद्यानेच मढवलेले असतात. रशियातील वालेंकी नावाचे लोकरी बूट असेच एकसंध केलेले असतात. तुर्कस्तानातील मेंढपाळ केपेनेक नावाचा जाड झगा अंगावर घेतो. उघड्या माळावर रात्र काढताना तोच त्याचा कोट, तोच त्याचे अंथरूण आणि पावसात तोच त्याचे छप्पर. या झग्याला शिवण नसते. यात मोठे शहाणपण आहे. कारण जेथे शिवण असते तेथे सुईची भोके असतात, आणि जेथे भोके असतात तेथून वारा व पाणी आत शिरते. हिमवर्षावात सापडलेल्या मेंढपाळाचे प्राण अशा लहानशा गोष्टीवरही अवलंबून असू शकतात.

येथे एक प्रश्न उभा राहतो. सपाट नमदा होणे समजण्याजोगे आहे. पण बूट, टोपी, झगा या तर पोकळ वस्तू. शिवण न घालता लोकरीला पोकळी कशी आणावयाची? याचे उत्तर एका साध्या साच्यात आहे. लोकरीच्या दोन बाजूंमध्ये, लोकर ज्याला धरणार नाही असा एक सपाट तुकडा ठेवावयाचा. कडेने दोन्ही बाजू एकमेकींत गुंततात, मध्ये मात्र साचा त्यांना एकत्र येऊ देत नाही. काम झाल्यावर साचा काढून घेतला, की पोकळ पिशवी हाती येते. एक लहान गोल भांडे कसे करतात ते पाहू, म्हणजे सर्व क्रिया ध्यानात येईल.

प्रथम सुमारे 40 ग्रॅम स्वच्छ, पिंजलेली लोकर घ्यावी. ताजी कातरलेली लोकर असेल, तर ती कोमट पाण्यात भिजवून धुवावी. पण धुताना चोळू नये, नाहीतर ती तेथेच गुंतून बसेल. बाजारातील काही लोकर यंत्रात धुता यावी म्हणून तिचे खवले काढून किंवा झाकून टाकलेले असतात. ती या कामास निरुपयोगी होय. मग जाड प्लास्टिकच्या पिशवीतून 24 सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ कापावे. हा आपला साचा.

लोकरीचे आठ सारखे भाग करावेत. चार साच्याच्या एका बाजूसाठी आणि चार दुसऱ्या बाजूसाठी. एका भागातून विरळ झुबके ओढून, घरावर कौले घालतात तसे एकावर एक थोडे चढवीत, सर्व एका दिशेने पसरावेत. कडेबाहेर दोन बोटे लोकर येऊ द्यावी. दुसरा थर पहिल्याला काटकोनात घालावा, तिसरा पुन्हा पहिल्यासारखा, चौथा दुसऱ्यासारखा. थर आडवेउभे असले म्हणजे वस्त्र सगळीकडून सारखे बळकट होते. जेथे लोकर विरळ राहील तेथे पुढे भोक पडेल, म्हणून तळहाताने चाचपून जाडी पाहावी.

वर जाळीदार कापड घालून हाताला सोसेल इतके ऊन साबणाचे पाणी शिंपडावे, आणि मधून कडेकडे दाबीत आतली हवा काढून टाकावी. मग सर्व उलटे करून कडेची लोकर साच्यावर दुमडावी. या बाजूवर उरलेले चार थर घालावेत, भिजवावेत, आणि त्यांचीही कड मागे दुमडावी. कड नीट दुमडली नाही, तर तेथे कोंबड्याच्या तुऱ्यासारखी उंच शीर राहते.

आता चोळण्यास आरंभ करावयाचा; पण अगदी हलक्या हाताने. नवशिका येथेच उतावळा होतो. आरंभीच जोर लावला, तर थर सरकतात, साचा उघडा पडतो आणि सारे काम वाया जाते. तंतूंना एकमेकांची ओळख होऊ द्यावी लागते. दोन्ही बाजू आळीपाळीने दहा दहा मिनिटे हळुवार चोळल्यावर मग दाब वाढवावा. काम कोठवर आले हे बोटांनीच कळते. पृष्ठभागावरील चार तंतू चिमटीत धरून उचलावेत. ते सुटे वर आले, तर अजून चोळावयास हवे. त्यांबरोबर सगळे वस्त्र उचलले गेले, तर लोकर जमली असे समजावे.

यानंतर ते चटईत गुंडाळून लाटण्याप्रमाणे पुढेमागे फिरवावे. साधारण पन्नास वेळा फिरवून झाल्यावर उलगडावे, पाव वळण देऊन पुन्हा गुंडाळावे. वस्त्र ज्या दिशेने लाटले जाते त्या दिशेने अधिक आटते; म्हणून चारही दिशांना सारखी पाळी द्यावी लागते. काही वेळाने आतला साचा चुरगळू लागतो. लोकर आटते, प्लास्टिक आटत नाही, याची ती खूण होय. तेव्हा एका बाजूच्या मध्यभागी कात्रीने तोंड कापून साचा बाहेर काढावा आणि कापलेली कड साबणाच्या बोटांनी चोळून पक्की करावी. मग मात्र संकोच नको. कणीक तिंबावी तसे ते मळावे, ओट्यावर आपटावे, ऊन व गार पाण्यात आळीपाळीने बुडवावे.

24 सेंटिमीटरचा व्यास 16 सेंटिमीटरवर आला, की भांडे तयार झाले. व्यास केवळ तृतीयांशाने घटला असे दिसते. पण हिशेब करून पाहा, क्षेत्रफळाच्या नऊ भागांपैकी चारच उरलेले असतात. लोकर मात्र तेवढीच आहे. मग ती गेली कोठे? ती जाडीत गेली, घट्टपणात गेली. शेवटी स्वच्छ पाण्यात साबण काढून टाकावा, पाण्यात थोडा लिंबाचा रस घालून एकदा खळबळावे, आत कापडाचा बोळा भरून हवा तो गोल आकार द्यावा आणि सावलीत वाळवावे. वाळल्यावर तो आकार टिकून राहतो.

एवढी जुनी ही विद्या आज सर्वत्र सुखरूप आहे असे मात्र नाही. किर्गिझस्तानातील नमद्याच्या गालिच्यांची कला 2012 साली युनेस्कोने तातडीने जपावयाच्या वारशांत नोंदविली. जाणत्या कारागीर स्त्रिया बहुतेक चाळिशी ओलांडलेल्या, तरुणांचे लक्ष दुसरीकडे आणि बाजारात स्वस्त कृत्रिम गालिचे, ही त्याची कारणे होत.

आपल्याकडेही निराळे चित्र नाही. महाराष्ट्रात घोंगडी मागावर विणतात. पण न विणता, दाबून केलेली लोकरी बैठकही येथे होती. दक्षिण महाराष्ट्रात व शेजारच्या कर्नाटकात तीस जेन म्हणतात, आणि जाड लोकरी पांघरुणास बुरणूस हा शब्द जुन्या मराठीत आहे. आज तो शब्द थोड्यांच्याच तोंडी उरला आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाड व राठ असल्यामुळे तिला पुरेसा भाव येत नाही. मेंढ्या तर कातराव्याच लागतात. मग कातरलेली लोकर पुष्कळदा रानातच टाकून द्यावी लागते. जी वस्तू धनगराच्या पाठीवर ऊन, वारा आणि पाऊस झेलीत आली, तीच आता त्याला ओझे झाली आहे.

राठ लोकर आवळून येण्यास अधिक वेळ घेते एवढेच. ती टाकाऊ नव्हे. तिच्यातील प्रत्येक तंतू एकटा घेतला, तर बोटांनी सहज तुटतो. तेच तंतू एकमेकांत गुंतून बसले, की वाऱ्यालाही वाट देत नाहीत. हे बळ बाहेरून आणावे लागत नाही, ते लोकरीतच असते. ते जागे करण्यासाठी ऊन पाणी लागते, थोडा साबण लागतो, आणि घाई न करणारे दोन हात लागतात.