पिल्लू घरात आलं, जंतही आले!

दिवाळीच्या सुट्टीत मुलाने गल्लीतून कुत्र्याचं पिल्लू उचलून आणलं. जेमतेम महिन्याचं. हातपाय काटकुळे, पोट मात्र टम्म. आम्हाला वाटलं, चांगलं खातंय. तिसऱ्या दिवशी त्याने पडवीत उलटी केली आणि उलटीत शेवयांसारखे पांढरे जंत वळवळताना दिसले. सासूबाईंनी नाकाला पदर लावला. ‘आत्ताच्या आत्ता सोडून या त्याला!’

कशीबशी समजूत घातली. दवाखान्यात न्यायचं मात्र आज-उद्या करत राहून गेलं. खरं सांगते मैत्रिणींनो, चूक माझीच.

संक्रांत झाली आणि तीन वर्षांच्या धाकटीला ताप यायला लागला. कोरडा खोकला, छातीत घरघर. औषध दिलं की तेवढ्यापुरतं बरं. शी तपासली, त्यात काही नाही. रक्तात मात्र इओसिनोफिल नावाच्या पेशी खूप वाढलेल्या. डॉक्टरांनी विचारलं, ‘घरात कुत्रं-मांजर आहे का? ही माती खाते का?’

दोन्ही उत्तरं ‘हो’ होती. शिवाय शेजारी बांधकाम चालू. वाळूच्या ढिगावर पोरांचा दिवसभर खेळ आणि रात्री तिथेच गल्लीतली मांजरं शी करून उकरून झाकणार! रक्ताची आणखी एक तपासणी झाली आणि निदान झालं, टॉक्सोकारा. कुत्र्या-मांजरांच्या पोटातला गोल जंत.

हा जंत माणसाच्या पोटात वाढून मोठा होत नाही, म्हणून शीच्या तपासणीत सापडत नाही. त्याची अळी आतड्यातून निघून यकृतात, फुप्फुसात भटकते. पुष्कळांना काही त्रासही होत नाही. पण एखाद्या मुलाच्या डोळ्यात शिरली तर त्या डोळ्याची नजर कायमची जाऊ शकते. हे ऐकलं आणि माझे पायच गळाले. सुदैवाने धाकटीचे डोळे ठीक होते. गोळ्यांचा कोर्स झाला, हळूहळू तब्येत सुधारली.

आता सासूबाईंचं म्हणणं मलाही पटायला लागलं होतं. पण जनावरांचे डॉक्टर म्हणाले, ‘वहिनी, पिल्लू सोडलंत तरी तुमच्या अंगणातली अंडी कुठे जाणार? आणि ते गल्लीत नवी टाकत फिरेल, ते वेगळंच.’

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. पिल्लांना हे जंत आईच्या पोटातच होतात, दुधातूनही येतात. मांजरीच्या पिल्लांना दुधातून. एक मादी रोज हजारो अंडी घालते. ती डोळ्यांना दिसत नाहीत. ताजी शी लगेच बाधत नाही. अंड्यात अळी तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मग मात्र मातीत ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात. फिनेलनेही मरत नाहीत. म्हणजे घाण दिसते तेव्हा धोका कमी आणि पावसाने धुऊन जागा स्वच्छ दिसते तेव्हा जास्त!

एवढं कराच

* कुत्र्याच्या पिल्लाला दोन आठवड्यांचं झाल्यापासून, मांजरीच्या पिल्लाला तीन आठवड्यांपासून जंताचं औषध सुरू करा. पुढचे डोस डॉक्टरांना विचारून. व्यालेल्या आईलाही द्या.
* अंगणातली शी रोजच्या रोज उचला. ती झाडांच्या खतात नको.
* वाळूच्या ढिगावर ताडपत्री टाका.
* मातीत खेळून आल्यावर मुलांचे हात साबणाने धुवा, नखं कापा. स्वतःचेही, बागकाम झाल्यावर.
* परसातली कोथिंबीर, मेथी, मुळा भरपूर पाण्यात धुऊनच घ्या.

पिल्लू आता आमचा मोत्या झालाय. दर तीन महिन्यांनी त्याला गोळी असते. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने कोण गोल करून ठेवतं, सांगू? सासूबाई!