शनवार तेल्यांच्या मोहल्ल्यात

आपल्या घरी घटस्थापनेची सिद्धता चाललेली असते, त्याच्याच आगेमागे अनेक वर्षी मुंबईच्या बेने इस्राएल कुटुंबांत ‘नव्याचा सण’ येतो. हिब्रू पंचांगातील हा वर्षारंभ. नाव मात्र अस्सल कोकणी. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांची जुनी वस्ती पाहावी, म्हणून आम्ही मशीद स्थानकावर उतरलो. स्थानकाला हे नाव जवळच्या सिनेगॉगवरून पडले असे सांगतात. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनामंदिरास ‘मशीद’च म्हणत आले.

घाऊक व्यापाराच्या गजबजाटातून, हातगाड्या चुकवीत, सॅम्युअल स्ट्रीट गाठावा लागतो. येथील ‘शार हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, ही मुंबईतील पहिली सिनेगॉग. सामाजी हसाजी दिवेकर, हिब्रू नावाने सॅम्युअल, हे कंपनी सरकारच्या पलटणीतील अधिकारी टिपूच्या कैदेत सापडले होते. सुटका झाल्यावर त्यांनी १७९६ मध्ये ती बांधविली. पुढे १८६० मध्ये ती सध्याच्या जागी आली. शेजारच्या गल्लीचे नाव आजही इस्राएल मोहल्ला.

हे लोक मोहल्ल्यात आले ते कुलाब्याच्या गावोगावांतून. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटले, सात स्त्रिया व सात पुरुष वाचले आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले, अशी त्यांची परंपरा आहे. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा. शनिवारी, शब्बाथ म्हणून, घाणा बंद. म्हणून गावाने त्यांस ‘शनवार तेली’ म्हटले. ग्रंथ नव्हते. ‘शमा’ ही एक प्रार्थना, सुंता, शनिवारची विश्रांती आणि स्वयंपाकघरातील विधिनिषेध एवढेच शेष होते.

पुढची आख्यायिका आमच्या भगिनींनी अवश्य वाचावी. दावीद रहाबी नामक एक विद्वान यहुदी या लोकांत आला. हे खरोखर आपले का, हे जाणण्यासाठी त्याने निरनिराळे मासे एकत्र करून बायकांपुढे ठेवले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे वेचून घेतले व बाकीचे दूर सारले. रहाबीची खात्री पटली. ग्रंथ बुडाले तरी आचार सुटला नव्हता, आणि तो सांभाळला होता चुलीपाशी बसणाऱ्यांनी.

तो आचार ताटात आजही दिसतो. मांसाबरोबर दूध वर्ज्य, म्हणून कालवणाला नारळाचे दूध. नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा करतात, तोही नारळाच्याच दुधात. शुक्रवारी सायंकाळच्या प्रार्थनेला काळ्या मनुकांचे सरबत. पुरीम सणाला त्यांनी ‘होळीचा सण’ म्हटले आणि पुरणपोळी केली; जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनास नाव दिले ‘बिरड्याचा रोजा’. सोललेल्या वालांना एवढा मान आमच्याकडेही नाही!

सर्वांत आदराचा तो मलिदा. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ किंवा साखर, वेलदोडे, सुकामेवा, सोबत फळे. एलियाहू हनाबी, अर्थात प्रेषित एलिया, याचे स्मरण करून नवस फेडताना, विवाहाआधी वा गृहप्रवेशाला हे ताट मांडतात. अलिबागनजीक खंडाळ्यास एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची खूण आहे असे ते मानतात. आमच्या वाचकांस सत्यनारायणाचा प्रसाद आठवेल. साम्य आहे खरे. परंतु येथे मूर्ती नाही, प्रार्थना हिब्रूत आहे.

मोहल्ल्यात आता ही कुटुंबे फारशी उरली नाहीत. काही भायखळ्यास, काही ठाण्यास गेली. १९४८ नंतर बहुसंख्य इस्राएलला. त्या सुमारास भारतात त्यांची संख्या वीस हजारांच्या घरात होती, आज ती पाच हजारांहूनही कमी आहे. तेथे पोहोचल्यावर त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका काढल्या गेल्या. अखेर १९६४ मध्ये सरकारी पातळीवर त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. रहाबीचे समाधान एका ताटाने झाले होते. येथे वर्षानुवर्षे झगडावे लागले.

सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात. वस्तीच ओसरल्यावर ते जमविणे हीच विवंचना. मलिदा मात्र समुद्रापार गेला आहे. दिमोना, अश्दोद, लोद या गावांतून पेणकर, दिवेकर, नवगावकर आडनावांची घरे आजही पोहे भिजवितात आणि नारळ खवतात.